बोटीवरचे मांस आणि पेवातली ज्वारी

युद्धकाळात एखाद्या सरकारला लोकांच्या अन्नाचा व्यापार आपल्या ताब्यात घ्यावयाचा असेल, तर त्याच्या हाती प्रथम काय असावे लागते, असे विचारले असता बहुतेक लोक कायदा, पोलीस किंवा पैसा यांपैकी एकाचे नाव घेतील. परंतु गेल्या दोन महायुद्धांतील अन्ननियंत्रणाचा इतिहास बारकाईने पाहिला म्हणजे माझे मत असे होते की, ती वस्तू ज्या वाटेने कुरणातून वा शेतातून खाणाऱ्याच्या ताटापर्यंत येते, ती वाट किती अरुंद आहे आणि तिच्या नाक्यावर कोण बसले आहे, यावरच नियंत्रणाचे यशापयश प्रामुख्याने अवलंबून राहिले. इंग्लंडात आयात होणारे गोठवलेले मांस आणि आमच्या सातारा-सांगलीकडची ज्वारी या दोन वस्तूंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही त्यांचा इतिहास शेजारी ठेवून वाचला असता, एकीच्या बाबतीत सरकारचा हुकूम इतक्या सहजपणे का चालला आणि दुसरीच्या बाबतीत तो गावाच्या वेशीपाशी का अडखळला, याचा उलगडा होतो.

गोठवलेल्या मांसाचा व्यापार हा मुळातच अरुंद वाटेचा व्यापार होय. १८८० च्या फेब्रुवारी महिन्यात ‘स्ट्रॅथलेव्हन’ नावाची आगबोट ऑस्ट्रेलियाहून सुमारे ४० टन गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोचली, आणि दोनच वर्षांनी ‘ड्युनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून सुमारे ५,००० सोललेल्या मेंढ्या घेऊन विषुववृत्ताचा उष्ण पट्टा ओलांडून तेथे सुखरूप आले. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत हा व्यापार इतका वाढला की, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडात खपणाऱ्या मांसापैकी सुमारे ४० टक्के मांस समुद्रापलीकडून येऊ लागले होते. हे मांस तिकडच्या कारखान्यात गोठवावयाचे, बंदरावरील शीतगृहात ठेवावयाचे, शीतकोठ्या असलेल्या बोटीत भरावयाचे आणि लंडनच्या शीतगृहातून स्मिथफील्डच्या बाजारात न्यावयाचे, अशी त्याची एकच एक वाट असून तिच्यात कोठेही फाटा फुटत नव्हता. कारण थंडी तुटली की माल नासला. त्यातही शीतकोठ्यांच्या बोटी मोजक्याच होत्या, नव्या बांधावयास अवधी व भांडवल दोन्ही लागत होती, आणि त्यांतील बहुसंख्य बोटी ब्रिटिश मालकीच्या होत्या.

१९१५ साली ब्रिटिश सरकारच्या व्यापारखात्याने नेमका हाच नाका धरला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडून येणाऱ्या आणि त्यापाठोपाठ दक्षिण अमेरिकेकडून येणाऱ्या ब्रिटिश बोटींतील शीतकोठ्यांची सर्व जागा सरकारने आपल्या अखत्यारीत घेतली. अर्जेंटिनातील मांसाचा व्यापार तेव्हा मुख्यत्वे शिकागोच्या बड्या कंपन्यांच्या हाती होता. त्यांच्याजवळ गुरे होती, कारखाने होते, अमाप पैसा होता, मात्र माल नेण्यास पुरेशा बोटी नव्हत्या, आणि म्हणून लष्करासाठी भाव ठरविताना त्यांना सरकारच्या अटींशी जुळवून घ्यावे लागले. न्यूझीलंडचे निर्यातयोग्य मांस तर १९१५ च्या मार्चपासून तेथील सरकारच्या मार्फत सर्वच्या सर्व साम्राज्य सरकारने विकत घेण्यास आरंभ केला आणि हा प्रकार १९२० पर्यंत चालला. फ्रान्स व इटली या दोस्तांच्या सैन्यालाही याच साठ्यातून मांस पुरविण्यात आले. यासाठी फार मोठा अंमलदारवर्ग लागला नाही, कोणाच्या गोठ्यात शिरावे लागले नाही, कोणाच्या घराची झडती घ्यावी लागली नाही.

याच सरकारने जेव्हा घरच्या गुरांकडे हात वळविला, तेव्हा मात्र त्याची फजिती झाली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९१७ च्या उन्हाळ्यात अन्नमंत्री झालेल्या लॉर्ड ऱ्होंडा यांनी इंग्लंडातील गुरांसाठी महिन्यागणिक उतरत जाणारे भाव बांधून दिले. हेतू मांस स्वस्त व्हावे हा होता. पण पुढल्या महिन्यात भाव उतरणार हे छापून आल्यावर कोणता शेतकरी गुरे राखून ठेवील? शरद ऋतूत बाजारात गुरांचा लोंढा आला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी खाटकांच्या दुकानांपुढे रिकाम्या हाताने परतणाऱ्यांच्या रांगा लागल्या. अखेर १९१८ च्या फेब्रुवारीत लंडन व भोवतालच्या परगण्यांत आणि एप्रिलपासून देशभर मांसाची शिधावाटणी सुरू करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात हा धडा ध्यानात ठेवून अन्नखाते आरंभापासूनच मांसाचे एकमेव खरेदीदार बनले. १९४० च्या मार्चमध्ये माणशी आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्स किमतीचे मांस, असे वजनाऐवजी किमतीवर शिध्याचे प्रमाण ठरविण्यात आले. आणि बोटींतील जागा वाचावी म्हणून गोमांसाची हाडे तिकडेच काढून टाकून नुसते मांस चौकोनी ठोकळ्यांच्या रूपाने भरण्यापर्यंत काटकसर झाली.

या मांसाचा साताऱ्याच्या माणसाशी अजिबात संबंध आला नाही, असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात अपशिंग्यासारख्या एकट्या गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, इतकी या जिल्ह्याची लष्कराशी जवळीक होती. १९१४ साली फ्रान्समध्ये उतरलेल्या हिंदी पलटणींना गोठवलेले मांस चालणारे नव्हते. हलाल व झटका यांचा विचार संभाळून जिवंत बकऱ्या-मेंढ्याच पुरवाव्या लागल्या, आणि त्यासाठी वेगवेगळ्या कत्तलखान्यांची व्यवस्था करावी लागली. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेर जो वेढा पडला, त्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आल्यावर घोडे मारून त्यांचे मांस वाटण्याची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी कित्येक आठवडे ते नाकारले आणि उपासमार पत्करली. माणसे झिजत गेली. कागदावरचा शिधा आणि पोटात जाणारा शिधा यांत जे अंतर असते, ते अधिकाऱ्यांना येथे फार महागात समजले.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातच गोऱ्या फौजांचे तळ पडले आणि मांसाची मागणी एकाएकी वाढली. तिचा भार ओढकामाच्या जनावरांवर पडू लागला, तेव्हा १९४४ साली केंद्र सरकारला तीन वर्षांखालील गुरे, तीन ते दहा वर्षांचे कामाचे बैल, त्याच वयाच्या वेतास येऊ शकणाऱ्या गाई आणि गाभण वा दुभत्या गाई यांच्या कत्तलीवर निर्बंध घालावे लागले. आटपाडी, जत, खानापूर या भागांत ज्यांनी पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, चपळ खिलार जोडी शेतात चालताना पाहिली आहे, त्यांना या निर्बंधाचे मोल सांगावयास नको. बैल गेला तर पुढल्या सालची पेरणी गेली, आणि पेरणी गेली तर लष्कराला लागणारे धान्यही गेले. पुढे मुंबई प्रांताने १९४८ साली पशुरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, त्याच्या मागेही हीच कळकळ होती.

आता धान्याकडे वळू. इंग्लंडाला जसे आयातीचे मांस, तसा मुंबई शहराला आणि कोकणाला रंगूनचा तांदूळ. ब्रह्मदेशातून दरसाल हिंदुस्थानात सुमारे १५ लाख टन तांदूळ येत असे. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि हा ओघ आटला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत स्वतंत्र अन्नखाते निघाले, परंतु १९४३ साली बंगालात पडलेला दुष्काळ त्याला टाळता आला नाही; तेथील मृतांची संख्या सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख मानली आणि पुढील अभ्यासकांनी ती ३० लाखांपर्यंत नेली. मुंबईत मात्र २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले आणि शहर तगले. याचे श्रेय येथील अंमलदारांच्या तत्परतेला दिले पाहिजेच. पण मुंबई हे बेट आहे, बंदर, रेल्वे आणि एक-दोन रस्ते एवढ्याच वाटांनी तेथे धान्य येते, या भौगोलिक सत्यालाही त्याचा वाटा दिला पाहिजे. तेथे प्रांतिक सरकारने स्वतःला एकमेव घाऊक व्यापारी करून टाकले, आणि बोटीवरच्या मांसाची युक्ती तांदळाला व गव्हाला लागू पडली.

परंतु आयात बंद झाल्यावर मुंबईच्या कार्डावर द्यावयाचे धान्य प्रांतातूनच काढणे भाग होते, आणि खरी कसोटी तेथे लागली. त्या काळचा सातारा जिल्हा म्हणजे आजचे सातारा व सांगली हे जिल्हे मिळून होणारा मुलूख, मात्र त्यातून संस्थानांचे तुकडे वजा केलेले. पश्चिमेला पाटण-जावळीचा अतिपावसाचा, भात-नाचणीचा डोंगराळ पट्टा. मध्ये कराड-वाळव्याची कृष्णाकाठची काळी कसदार जमीन. आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, तासगाव ही पावसाने वरचेवर हुलकावणी दिलेली माळराने. या प्रदेशाचे मुख्य अन्न ज्वारी. तिला बंदर नाही, शीतगृह नाही, बोट नाही. ती हजारो खळ्यांवर मळली जाते, तेथून कणगीत, बळदात वा पेवात जाते, आणि त्यातली पुष्कळशी बाजार न पाहताच त्याच गावात खाल्ली जाते.

पेव हा काय प्रकार आहे हे शहरातील वाचकांसाठी जरा सविस्तर सांगतो. घट्ट मातीच्या जागी वीस-पंचवीस फुटांपर्यंत खोल खड्डा खणतात. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढेच अरुंद ठेवून आत तो घड्याच्या पोटासारखा रुंद करीत नेतात. भिंती शेणामातीने सारवतात, तळाला व कडेने पाला किंवा काड पसरतात, माल भरून झाला की तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपून टाकतात. आत कोंडलेल्या हवेत किडा जगत नाही, म्हणून माल वर्षानुवर्षे टिकतो; आणि त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, तोंड उघडे ठेवून बराच वेळ जाऊ देतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची अशी पेवे फार प्रसिद्ध होती. खेड्यापाड्यांतून ज्वारीचीही असत. वर अंगण सारवून घेतले की खाली किती खंडी धान्य आहे, हे घरधन्यावाचून कोणास कळावे? सरकारचा कोणताही हुकूमनामा या मातीच्या थरापलीकडचे पाहू शकत नव्हता.

म्हणून सरकारला तलाठ्याच्या दप्तराचा आधार घ्यावा लागला. मुंबई प्रांतात जी सक्तीची लेव्ही बसविण्यात आली तिचे तत्त्व असे की, खातेदाराच्या नावावर किती जमीन आहे, त्यात कोणते पीक आहे, त्या साली आणेवारी, म्हणजे पिकाचा आण्यांत केलेला अंदाज, किती ठरली, यांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधावयाचा. त्यातून घरच्या माणसांच्या पोटापुरते, बियाण्याचे व मजुरीचे धान्य वजा करावयाचे. आणि उरलेल्यापैकी ठरलेला हिस्सा बांधलेल्या भावाने सरकारी गोदामात घालावयाचा. तत्त्व न्याय्य होते, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. कारण बाजारभावाने जो तो घेईल असे सोडून दिले असते, तर बंगालची गत येथेही होण्यास वेळ लागला नसता. परंतु खळ्यावर काय होत होते ते पाहा. ज्वारीची रास पडली आहे, मापारी पायली भरून पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो आणि मोजणी सुरू करतो. आजपर्यंत त्या राशीतून सुतार, लोहार, न्हावी, कुंभार आपापले बलुते उचलीत, काढणीच्या बाया आपला वाटा नेत, देवाचे माप बाजूला पडे. आता त्याच राशीपाशी वही घेऊन अंमलदार उभा, आणि त्याच्या वहीत आणेवारी वर्षाच्या एका दिवशी, बांधावर उभे राहून, नजरेने ठरविलेली. ती दोन आण्यांनी चढली तर शेतकऱ्याला घरचे खाणे काढून द्यावे लागे. दोन आण्यांनी उतरली तर उरलेला माल चोरवाटेने चढ्या भावात जाई.

शिवाय शेतकऱ्याने मिळालेल्या पैशाचे करावयाचे काय? कापड १९४३ पासून नियंत्रणाखाली आलेले, रॉकेल मिळत नाही, लोखंडाचा फाळ दुर्मिळ. घेण्यासारखे काही नसताना धान्य देऊन नोटा साठविण्यापेक्षा धान्यच साठविलेले बरे, हा त्याचा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्र्याने चूक ठरविण्यासारखा नव्हता. बलुतेदार आणि भूमिहीन मजूर यांची अवस्था त्याहून बिकट झाली. धान्याची मजुरी आटली, आणि रोख मजुरी घेऊन ज्या दुकानापुढे उभे राहावयाचे ते दुकान त्यांच्या गावात असेलच असा नेम नव्हता. कृष्णाकाठच्या बागाइतदाराने तर निराळीच वाट धरली: ज्वारीवर लेव्ही आहे, मग ऊस लावू, हळद लावू. ती वाट अडविण्यासाठी प्रांतिक सरकारने १९४४ साली अन्नधान्याची पिके घेण्यास भाग पाडणारा कायदा केला. रोप जमिनीतून वर येण्यापूर्वीच त्यावर हुकूम चालविण्यापर्यंत ही मजल गेली.

संस्थानी हद्दींमुळे या सगळ्यात आणखी गुंता झाला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने जिल्ह्यात अशी विखुरलेली होती की, एका खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलातील, गावाची शीव ओलांडली की संस्थानचे गाव आणि त्यापलीकडे पुन्हा खालसा. सांगलीची गणपती पेठ व वखारभाग हा सगळ्या पंचक्रोशीचा बाजार, तो चिंतामणराव पटवर्धनांच्या राज्यात. तासगाव त्याच्या उशाशी, ते मुंबई सरकारच्या अमलात. परवान्यावाचून धान्य जिल्ह्याबाहेर नेऊ नये असा हुकूम काढावयाचा, आणि हद्द तर एखाद्या ओढ्याच्या काठाने वळसे घेत गेलेली. मुंबईला मोजके नाके राखून भागले. येथे प्रत्येक गाडीवाटेवर नाका बसवावा लागला असता.

आणि ज्या गावांतून ही लेव्ही वसूल करावयाची, त्याच गावांत त्या वेळी सरकारेच दोन होती. १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार होऊन माणसे पडली. आणि पुढील वर्षापासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या मुलखात उभे राहिले. नाना पाटील हे १९३० च्या कायदेभंगात उतरण्यापूर्वी स्वतः तलाठी होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते: ज्या दप्तराच्या बळावर सरकार गावात उभे असते, ते आतून पाहिलेला हा माणूस होता. प्रतिसरकारने न्यायदान मंडळे स्थापिली, दरोडेखोरांचा व जुलमी सावकारांचा बंदोबस्त केला, आणि धान्याचा पुरवठा व वाटप यांतही लक्ष घातले. त्याचे एक मोठे केंद्र कुंडल हे औंध संस्थानच्या हद्दीत असल्याने खालसातील पोलिसांचे हात तेथे पोचेपर्यंत कार्यकर्ते दूर निघून गेलेले असत. सावकाराचे धान्य कोठे आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्यांना पंचनाम्यावाचून ठाऊक होते. कारण ते त्याच गावचे होते, आणि लपलेल्या माणसाला भाकरी देणारी घरेही तीच होती. अन्नावरील सत्तेला गावची संमती किती आवश्यक असते, हे पटविण्यास सातारा जिल्ह्याच्या या तीन-चार वर्षांइतके दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. परक्या सरकारची लेव्ही तत्त्वतः न्याय्य असूनही जप्तीसारखी वाटली, याचे कारण ती परक्याची होती एवढेच नव्हते. ती कोणासाठी घेतली जात आहे हे शेतकऱ्याला कोणी जाऊन सांगितलेच नाही.

युद्ध संपल्यावर नियंत्रण संपेल ही आशा खोटी ठरली. अन्नधान्य धोरणविषयक ग्रेगरी समितीने १९४३ साली माणशी दररोज एक पौंड धान्याचे प्रमाण सुचविले होते, ते १९४६ च्या आरंभी १२ औंसांवर आणावे लागले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर गांधीजींनी नियंत्रणे उठविण्याचा आग्रह धरला. गोरवाला व धनंजयराव गाडगीळ यांच्या वस्तुमूल्य मंडळाचे मत त्याविरुद्ध होते. १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले, आणि वर्ष पुरते न लोटता १९४८ साली ती परत आली. पुढे रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना ती क्रमाने उठून १९५४ च्या मध्यास संपली. इंग्लंडातील मांसाचे रेशनही त्याच वर्षाच्या जुलैत संपले.

तोवर येथील नकाशाही बदलला होता. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, ओढ्याकाठच्या हद्दी पुसल्या गेल्या, १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १९६४ साली महाराष्ट्र सरकारने ज्वारीच्या एकाधिकार खरेदीची योजना हाती घेतली, तेव्हा तिच्यापुढचा मुलूख एकसंध होता, सरकार लोकांनी निवडलेले होते, आणि खरेदीचे काम पणन संघ व तालुक्यांच्या खरेदी-विक्री संघांमार्फत, म्हणजे ज्यांचे सभासद शेतकरीच होते अशा संस्थांमार्फत, होऊ लागले. भाव कमी आहे ही तक्रार तशीच राहिली, आणेवारीचे वाद तसेच राहिले, आणि बांधावर उभे राहून नजरेने पीक पाहणारा माणूसही तोच राहिला.